मधुमेहींसाठीची ‘किडनी प्रोफाइल’ : एका तपासणी-संचाचे परीक्षण

मधुमेह असलेल्या व्यक्तींसाठी प्रयोगशाळा ‘किडनी प्रोफाइल’, ‘रीनल फंक्शन टेस्ट’ किंवा ‘डायबेटिक किडनी पॅकेज’ अशा नावांनी रक्ततपासण्यांचा जो संच देतात, त्याचे हे परीक्षण आहे. नावे निरनिराळी असली तरी आतला ऐवज बहुतेक ठिकाणी सारखाच असतो : क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाजी आकडा), युरिया किंवा ब्लड युरिया नायट्रोजन, युरिक अ‍ॅसिड, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, फॉस्फरस आणि कधीकधी एकूण प्रथिने व अल्ब्युमिन. मधुमेहींपैकी साधारण २० ते ४० टक्के लोकांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा विकार होतो आणि सुरुवातीची अनेक वर्षे तो कोणतेही लक्षण दाखवत नाही. पायावर सूज येणे, दम लागणे, मळमळणे ही सारी उशिराची लक्षणे होत. म्हणून या संचाची परीक्षा मी दोनच प्रश्नांवर घेतली आहे. मूत्रपिंडाला इजा होऊ लागली असेल तर हा अहवाल ते वेळेवर सांगतो का, आणि सांगतो तेव्हा वाचणाऱ्याला उमजेल अशा रीतीने सांगतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच होकारार्थी आहे, तर दुसऱ्याचे बऱ्याच अहवालांच्या बाबतीत नकारार्थी द्यावे लागते.

सुरुवात क्रिएटिनिनपासून करणे भाग आहे, कारण सारा संच त्याच्यावरच उभा आहे. स्नायूंमधील क्रिएटिनपासून हा पदार्थ रोज बऱ्यापैकी एकसारख्या प्रमाणात तयार होतो, रक्तात येतो आणि मूत्रपिंडातून गाळला जातो. गाळण मंदावली की तो रक्तात साचतो. तपासणी जुनी, स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध आहे, आणि विकार पुढे सरकलेला असेल तर ती विश्वासार्हही आहे. अडचण आहे ती सुरुवातीच्या टप्प्यात. गाळण्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत अनेकांचे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ मर्यादेच्या आतच राहते, कारण ती मर्यादा तरुण आणि वृद्ध, पिळदार आणि कृश अशा सर्वांना मिळून आखलेली असते, आणि गाळणीतून न गेलेल्या क्रिएटिनिनचा काही भाग मूत्रपिंडातल्या सूक्ष्म मूत्रनलिका परस्पर बाहेर टाकत असल्यामुळे रक्तातली वाढ आणखी झाकली जाते.

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. अहवालात क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे आणि शेजारी ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली आहे. हा आकडा ठळक नाही, त्यापुढे बाण नाही, तारांकन नाही. हाच आकडा २५ वर्षांच्या पुरुषाचा असेल, तर २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानुसार त्याचा ईजीएफआर सुमारे ९६ येतो आणि चिंतेचे काही कारण उरत नाही. तो ७० वर्षांच्या स्त्रीचा असेल, तर तेच सूत्र सुमारे ५४ हे उत्तर देते, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली तर त्या बाईंना तिसऱ्या टप्प्याचा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आहे असे म्हणावे लागते. अहवालाचा तो रकाना दोघांनाही एकच उत्तर देतो. ज्या प्रयोगशाळा आजही ईजीएफआर न काढता नुसते क्रिएटिनिन आणि त्याची मर्यादा छापून मोकळ्या होतात, त्यांच्या अहवालाला मी पुरे गुण देऊ शकत नाही, मग त्यांचे यंत्र कितीही आधुनिक असो.

दशांशाचाही प्रश्न आहे, आणि तो वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. काही अहवाल क्रिएटिनिन एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. ‘१.१’ या एका आकड्याखाली १.०५ पासून १.१४ पर्यंतची सर्व मापे दडलेली असतात. वरच्याच उदाहरणातील ७० वर्षांच्या स्त्रीसाठी त्यांची उत्तरे अनुक्रमे ५७ आणि ५२ अशी येतात. म्हणजे पाच अंकांची घसरण अहवालावर दिसण्याआधीच पुसली जाते. क्रिएटिनिन दोन दशांश स्थळांपर्यंत आणि ईजीएफआर पूर्णांकात देणे ही योग्य पद्धत आहे, आणि ती पाळण्यासाठी प्रयोगशाळेला वेगळा खर्च करावा लागत नाही.

क्रिएटिनिन मोजण्याच्या पद्धतीकडे ग्राहक सहसा पाहत नाही, पण मधुमेहीने ते पाहायलाच हवे. मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये क्रिएटिनिन आणि पिक्रिक आम्ल यांच्या संयोगातून येणाऱ्या नारिंगी-लाल रंगाची नोंद केली होती, आणि त्या अभिक्रियेवर आधारलेली पद्धत अनेक सुधारणांसह आजही वापरात आहे. ती स्वस्त आहे, मात्र हाच रंग इतर पदार्थही देतात. रक्तातील प्रथिने, साखर, काही प्रतिजैविके आणि मुख्य म्हणजे अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हे कीटोन (चरबीच्या ज्वलनातून तयार होणारा पदार्थ) त्यांत मोडतात. मधुमेहात कीटोन वाढलेले असताना या पद्धतीने क्रिएटिनिन खोटेच वाढलेले दिसू शकते, म्हणजे ज्या रुग्णाच्या बाबतीत अचूक आकडा तातडीने हवा असतो, त्याच्याच बाबतीत पद्धत डळमळते. एन्झायमॅटिक, म्हणजे विकरांच्या साहाय्याने मोजणाऱ्या, पद्धतीत हा त्रास बराच कमी असतो. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘याफे’, ‘कायनेटिक’ (बहुधा याफेचेच सुधारित रूप) किंवा ‘एन्झायमॅटिक’ असा उल्लेख असतो, तो वाचावा, आणि मापन आयडीएमएस या अचूक संदर्भपद्धतीच्या प्रमाणकाशी जुळवलेले आहे असे तिथे लिहिलेले असेल तर ते त्या प्रयोगशाळेच्या जमेस धरावे. पद्धतीचा उल्लेखच नसेल तर विचारावे. हा प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

आता ईजीएफआर. या संचातला सर्वांत उपयोगाचा आकडा हाच, आणि सर्वांत निष्काळजीपणे छापला जाणाराही हाच. तो मोजलेला नसून क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गणिताने काढलेला असतो. १९७६ चे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र, १९९९ चे एमडीआरडी, २००९ चे सीकेडी-ईपीआय आणि वंशाचा घटक वगळून तयार केलेले २०२१ चे सीकेडी-ईपीआय अशी या सूत्रांची वाटचाल आहे, आणि एकाच नमुन्यावर प्रत्येकाचे उत्तर थोडेफार वेगळे येते. त्यामुळे सूत्राचे नाव न छापता दिलेला ईजीएफआर मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. घसरण खरी आहे की मधल्या काळात प्रयोगशाळेने सूत्र बदलले, हे ठरवायला आधारच उरत नाही. काही अहवालांत ‘६० पेक्षा जास्त’ एवढेच लिहिलेले असते. मधुमेहीच्या दृष्टीने ही माहिती जवळपास निरुपयोगी आहे, कारण ९५ वरून ६५ वर आलेला माणूस या अहवालांत सलग काही वर्षे ‘६० पेक्षा जास्त’ एवढाच राहतो.

मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात उलटी गफलतही होऊ शकते. रक्तातील साखर वाढलेली असताना काही रुग्णांच्या मूत्रपिंडातील गाळणपुंजांवर (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशिकांच्या गुच्छांवर) दाब वाढतो आणि गाळण नेहमीपेक्षा जास्त होऊ लागते. अशा वेळी अहवालावरील १२० किंवा १३० हा आकडा ठणठणीत प्रकृतीचा पुरावा वाटतो, पण तो ताणाचा असू शकतो. रक्ताच्या कोणत्याही नेहमीच्या तपासणीत हा फरक कळत नाही आणि संचाच्या मर्यादांपैकी ही मला सर्वांत गंभीर वाटते.

एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हेही अहवालावर स्पष्ट लिहिलेले असावे. दीर्घकालीन विकाराचे निदान किमान तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासल्याशिवाय होत नाही. उलट्या, जुलाब, शरीरातील पाणी कमी होणे, जड व्यायाम, आदल्या रात्री खाल्लेले शिजवलेले मांस, क्रिएटिनचे पूरक आहार यांनी क्रिएटिनिन वर जाते. ट्रायमेथोप्रिमसारखे प्रतिजैविक तर गाळण मुळीच कमी न करता केवळ मूत्रनलिकांतून होणारे उत्सर्जन अडवून आकडा वाढवते. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या तपासणीत ईजीएफआर २० टक्क्यांहून अधिक बदलला असेल तर तो नेहमीच्या चढउतारापलीकडचा मानून त्याचा शोध घ्यावा. त्याहून लहान फरकाने घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र असे लहान फरक सलग एकाच दिशेने जात असतील तर त्यांची नोंद ठेवलीच पाहिजे.

औषधांमुळे येणारी घट हा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दलचा गैरसमज रुग्णाचे थेट नुकसान करतो. एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी या रक्तदाबाच्या गटांतील अथवा साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-२ गटातील औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो, कारण ही औषधे गाळणपुंजांवरचा वाढीव दाब उतरवतात. मूत्रपिंडाचे दूरवरचे संरक्षण होते ते त्यामुळेच. एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी सुरू केल्यानंतर चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी सामान्यतः औषध चालू ठेवतात. संगणकाने छापलेला लाल बाण मात्र हे जाणत नाही, आणि तो बाण पाहून रुग्ण स्वतःच गोळी बंद करतात. आकडा खाली गेला तर औषध बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, एवढे एक वाक्य अहवालाच्या तळाशी छापायला कोणाची हरकत असावी?

संचात जे सहसा नसते आणि मागून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन, ते आहे सिस्टॅटिन सी. शरीरातील जवळजवळ सर्व केंद्रकयुक्त पेशी हे लहानसे प्रथिन तयार करतात. गाळणीतून ते सहज पार होते आणि पुढे मूत्रनलिकांमध्येच त्याचे विघटन होते. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी १९८५ मध्ये ते गाळणक्षमतेचे मापक म्हणून पुढे आणले आणि २०१० मध्ये त्याच्या मापनासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणक उपलब्ध झाल्यावर निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे शक्य झाले. त्याचा मोठा गुण असा की त्यावर स्नायूंच्या वस्तुमानाचा प्रभाव फारच कमी पडतो. मधुमेहात हा गुण मोलाचा आहे. वर्षानुवर्षांच्या आजाराने हातापायांचे स्नायू झडलेली वृद्ध व्यक्ती, मधुमेहामुळे पाय कापावा लागलेला रुग्ण, नव्या औषधांनी झपाट्याने वजन उतरताना त्यासोबत स्नायूही गमावलेला माणूस, या सर्वांचे क्रिएटिनिन कमी येते आणि ईजीएफआर खोटेच चांगले दिसते. अशांच्या बाबतीत सिस्टॅटिन सी खरी स्थिती उघड करते, आणि पिळदार शरीराच्या तरुणाचे क्रिएटिनिन उगाच जास्त दिसत असेल तर त्याच्यावरचे किटाळही तेच दूर करते.

सिस्टॅटिन सी निर्दोष आहे असे नाही. थायरॉइडचे काम मंदावले की ते कमी दिसते, थायरॉइड अतिक्रियाशील असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर जास्त दिसते. लठ्ठपणा, धूम्रपान आणि शरीरातील दाह यांचाही त्यावर परिणाम होतो, आणि मधुमेहींमध्ये लठ्ठपणा व दाह दोन्ही वारंवार आढळतात. म्हणूनच क्रिएटिनिन बाजूला सारून सिस्टॅटिन सी धरावे असा सल्ला तज्ज्ञ देत नाहीत. दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर हा दोन्हींपैकी कोणत्याही एकावरून काढलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष मोजलेल्या गाळणक्षमतेच्या जवळ जातो, आणि सिस्टॅटिन सी उपलब्ध असेल तेथे हाच एकत्रित आकडा वापरावा असे केडिगोच्या २०२४ च्या तत्त्वांत म्हटले आहे. दरवेळी ते करण्याची गरज नाही. ईजीएफआर ४५ ते ६० च्या दरम्यान रेंगाळत असेल, किंवा आकडा आणि रुग्णाची देहयष्टी यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा मात्र ते करावे. मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहावरील औषधाचा निर्णयही याच आकड्यावर बेतलेला असतो. ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यास मात्रेचा फेरविचार होतो आणि ३० च्या खाली औषध बंद करतात. अशा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रुग्णाला दुसऱ्या मापकाची साक्ष मिळायलाच हवी.

युरिया आणि युरिक अ‍ॅसिड यांनी संच भरगच्च दिसतो, निदानात भर थोडीच पडते. युरिया आहारातील प्रथिने, पाण्याची कमतरता आणि पचनमार्गातील रक्तस्राव यांनीही वाढतो. ‘युरिया’ आणि ‘ब्लड युरिया नायट्रोजन’ हे दोन वेगळे आकडे असून पहिला दुसऱ्याच्या सुमारे २.१४ पट असतो, एवढे ध्यानात ठेवले तर प्रयोगशाळा बदलल्यावर आकडा दुप्पट झाला म्हणून होणारी घबराट टळते.

पोटॅशियमकडे मात्र दुर्लक्ष नको. मधुमेहात गाळण फारशी उतरलेली नसतानाही पोटॅशियम वाढलेले आढळू शकते, आणि एसीई इन्हिबिटर, एआरबी, स्पायरोनोलॅक्टोन, फिनेरेनोन ही औषधे त्यात भर घालतात. खूप वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. हाच आकडा नमुना घेण्याच्या ढिसाळपणाने सर्वांत सहज बिघडतो, त्यामुळे सेवेचा दर्जा मी येथे पारखतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवणे, शीर दिसावी म्हणून मूठ वारंवार उघडझाप करायला लावणे, नमुना सीरम वेगळा न करता तासन् तास पडू देणे किंवा फ्रिजमध्ये ठेवणे, सिरिंजमधून जोर लावून रक्त कुपीत सोडणे, यांपैकी कशानेही पोटॅशियम खोटेच वाढते. जांभळ्या टोपणाच्या कुपीतील रक्तगोठणरोधक चुकून सीरमच्या नमुन्यात गेले तर पोटॅशियम वाढते आणि त्याच वेळी कॅल्शियम घटलेले दिसते, ही जोडी ओळखणारा तंत्रज्ञ चांगला. रक्तपेशी फुटलेल्या असतील तर ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा देऊन पुन्हा रक्त घ्यायला बोलावणारी प्रयोगशाळा रुग्णाला त्रास देते असे वाटते, पण तीच खरी भरवशाची.

बऱ्याच संचांत एचबीए१सी (लाल पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) जोडलेले असते. साखरेच्या नियंत्रणासाठी ते हवेच, पण मूत्रपिंडाचा विकार बराच वाढल्यावर लाल पेशींचे आयुष्य घटते, आणि रक्तक्षयासाठी एरिथ्रोपोएटिन किंवा लोहाचे उपचार सुरू असतील तर नव्या पेशींची संख्या वाढते. दोन्ही कारणांनी एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. ग्लुकोमीटरचे आकडे चढे आणि एचबीए१सी मात्र छान, अशी विसंगती दिसली तर हे कारण आधी तपासावे.

नव्या रक्तमापकांची जाहिरात अलीकडे दिसू लागली आहे, त्यांबद्दल थोडे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाहकारक प्रथिनाचे रक्तात सुटे फिरणारे ग्राही (रिसेप्टर) टीएनएफआर-१ व टीएनएफआर-२ यांची रक्तातील पातळी जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये मूत्रपिंड वेगाने निकामी होण्याचा धोका अधिक असतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले. हे दोन ग्राही, मूत्रनलिकांची इजा दाखवणारे किम-१ हे प्रथिन आणि रुग्णाची इतर माहिती यांची सांगड घालणाऱ्या ‘किडनीइंटेलएक्स’ या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली. ती टाइप २ मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही आधीच असलेल्या प्रौढांसाठी आहे. ऑस्ट्रेलियातील ‘प्रोमार्करडी’ ही चाचणी अ‍ॅपो-ए४, सीडी५एल आणि आयजीएफबीपी-३ या तीन प्रथिनांवर आधारलेली आहे. विज्ञान म्हणून मला या चाचण्यांविषयी खरी उत्सुकता आहे, कारण गाळण घटण्याची वाट न पाहता पुढची दिशा सांगण्याचा त्यांचा प्रयत्न आहे. तरी सामान्य मधुमेहीने त्यासाठी आज धावपळ करावी असे मी म्हणणार नाही. लघवीतील प्रथिनांच्या नमुन्यावरून जास्त धोका असलेले रुग्ण आधीच निवडून त्यांना स्पायरोनोलॅक्टोन देण्याचा ‘प्रायॉरिटी’ नावाचा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीने धोका ओळखला, परंतु औषधाने विकाराची सुरुवात रोखली गेली नाही. धोका कळल्यावर उपचारांत काय बदलणार, याचे उत्तर देता येत नसेल तोवर अशी चाचणी रुग्णाच्या काळजीत भर घालते, उपयोगात नाही.

या साऱ्या संचाचा मोठा दोष त्यात जे नाही त्यात आहे. रक्त कितीही वेळा तपासले तरी गाळणीला पडू लागलेली सूक्ष्म भगदाडे रक्तात दिसत नाहीत, ती लघवीत दिसतात. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, म्हणजेच एसीआर, ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडाला इजा होत असल्याचा संशय घ्यावा लागतो, मग ईजीएफआर ९० च्या वर का असेना. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तर तो संशय पक्का होतो. ही तपासणी वगळून ‘संपूर्ण किडनी पॅकेज’ असे नाव देणे मला दिशाभूल करणारे वाटते. उलट बाजूही खरी आहे. अनेक मधुमेहींमध्ये लघवीत अल्ब्युमिन न येताच ईजीएफआर घसरतो, म्हणून केवळ लघवी तपासूनही भागत नाही. टाइप २ मधुमेहात निदानापासूनच, आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी दोन्ही तपासण्या व्हाव्यात. ईजीएफआर आणि एसीआर यांचे आकडे जसजसे बिघडतील तशी ही वारंवारता वर्षातून दोन, तीन, चार वेळा किंवा त्याहूनही अधिक होते.

प्रयोगशाळांकडून मला आणखी एक गोष्ट हवी आहे, आणि ती त्यांच्या संगणकात आधीच साठवलेली असते. त्याच रुग्णाचे मागील ईजीएफआर आणि एसीआर तारखांसह चालू अहवालावर एका ओळीत छापावेत, सूत्र आणि मापनपद्धत बदलली असेल तर त्या तारखेपाशी तसे नमूद करावे. वर्षाला पाच अंकांहून अधिक वेगाने सतत उतरत जाणारा ईजीएफआर हा वेगाने वाढणाऱ्या विकाराचा निकष आहे, आणि ८८, ८१, ७५, ६९ असे वर्षागणिक आलेले चार आकडे शेजारी दिसले तर ते कोणाच्याही लक्षात येईल. आज ते चार वेगवेगळ्या कागदांवर असतात, आणि चारही कागदांवर त्या आकड्यापुढे कोणतीच खूण नसते.